पूजेतला मदरबोर्ड

फर्मवेअर अद्ययावत करायला साडेबारा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात वीज जाता कामा नये, एवढी एकच अट होती. ती मी तीन वेळा वाचली. पांढुर्ण्यात राहणाऱ्या माणसाने असलं वाक्य वाचलं की हसावं आणि दुसऱ्या कामाला लागावं. पण मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि अट लिहिलेली असली की ती पाळायची असते अशी माझी समजूत आहे. म्हणून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरलं, इन्व्हर्टरवर यूपीएस जोडला, यूपीएसवर संगणक जोडला आणि वीज कार्यालयात फोन करून आज लाइन कधी बंद राहणार ते विचारलं. पलीकडच्या माणसाला इतक्या नम्रपणे कुणी विचारलं नसावं. घरी लग्न आहे असं समजून तो म्हणाला, "तुमचा मुहूर्त केव्हाचा हाये मॅडम? त्या हिशोबानं ठेवतो."

फर्मवेअर म्हणजे काय, हे पुढच्या आठ दिवसांत मी इतक्या लोकांना समजावलं की इथेही सांगून टाकते. संगणकाच्या पोटात मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते, सगळे भाग तिच्यावर बसवलेले असतात. तिच्यावरच्या एका नखाएवढ्या चिपमध्ये पहिल्या आज्ञा लिहिलेल्या असतात. सकाळी डोळे उघडल्यावर आपण कोण आणि कुठे आहोत हे आपल्याला आठवावं लागतं, ते काम ही चिप करते. तिच्यावरचं जुनं पुसून नवं लिहिताना मध्येच वीज गेली, तर संगणकाला काहीच आठवत नाही. तो मग उठतच नाही.

हे करायची गरज काय होती, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. दोन आठवडे पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येत होती. लाल अक्षरांतल्या सूचनेकडे दुर्लक्ष करणारी माणसं सुखी असतात, हे मला आता मान्य आहे.

आमच्या गच्चीवर माझं पर्जन्यमापक आहे आणि एका छोट्या लाकडी पेटीत कमाल-किमान तापमापक. रोज सकाळी साडेआठला मी नोंद घेते. अकरा वर्षं तीन महिने, म्हणजे सप्टेंबरअखेर चार हजार एकशे दहा दिवस, एकही न गाळता. पहिल्या बाळंतपणात दवाखान्यातून फोन करून नवऱ्याला गच्चीवर पाठवलं होतं आणि आकडा दोनदा वाचून घेतला होता. या नोंदी आजवर कुणी मागितल्या नव्हत्या. मग सप्टेंबरमध्ये नागपूरहून डॉ. अमिता यांचा फोन आला. त्या संत्र्याच्या फूलगळीवर काम करतात. आमच्या भागातल्या सरकारी नोंदींत बरीच भोकं आहेत, आणि कुणीतरी त्यांना गच्चीवरच्या बाईबद्दल सांगितलं होतं. "सलग आहेत? एकही दिवस सुटलेला नाही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला जे वाटलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीतही वाटलं नव्हतं. पाठवायच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यांना हव्या होत्या, आणि त्या दहा ऑक्टोबरपर्यंत पाठवायच्या होत्या.

नोंदी त्याच संगणकात होत्या. वह्या मी टाइप करून झाल्यावर रद्दीत दिल्या होत्या, कारण एकाच गोष्टीच्या दोन प्रती असल्या की त्यांत फरक पडत जातो. बॅकअप होता. तो त्याच संगणकात, शेजारच्या फोल्डरमध्ये होता. यावर मला काही बोलायचं नाही.

तर, सुटीचा दिवस बघून मी काम सुरू केलं. सुटी खंडेनवमीची होती. पडद्यावर चिठ्ठी चिकटवली, 'काम सुरू आहे. हात लावू नये.' चाळीस टक्के झाले तेव्हा साडेआठला दोन मिनिटं कमी होती. मी गच्चीवर गेले. पाऊस शून्य, कमाल एकतीस पूर्णांक दोन, किमान बावीस पूर्णांक चार. कागदावर लिहून घेतलं आणि खाली आले.

संगणकावर झेंडूचा हार होता. पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. पडदा काळा होता. समोर पाटावर विळा, विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीनचं चाक आणि घरातला एकमेव पेचकस ओळीने मांडून माझ्या सासूबाई, अंबाबाई, उदबत्ती फिरवत होत्या.

"आई, हा बंद कसा झाला?"

"मी केला ना. दोन्ही खटके बंद केले, बराबर."

"काहून?"

"पूजेतली वस्तू चालू ठेवत नाही माय. वर्षभर राबते ते. एक दिवस तं आराम पाहिजे का नाही?"

मी चिठ्ठीबद्दल विचारलं. हार घातल्यावर दिसली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. वीज मंडळाला मी सांभाळलं होतं. सासूबाईंचा विचार कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हता.

दिलीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खटका चालू करून बघितला. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. स्क्रू काढून उघडून बघावा म्हणून मी पेचकसाकडे हात नेला, तर सासूबाईंनी असा श्वास घेतला की मी हात मागे घेतला. खंडेनवमीला मांडलेली अवजारं दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवत नाहीत. बाजारातून दुसरा पेचकस आणू म्हणून दिलीप बाहेर पडला आणि परत आला. हार्डवेअरच्या दुकानात पेचकसांचे डबेच पूजेत होते. गावातल्या तिन्ही संगणक दुरुस्तीवाल्यांची शटरं अर्धी खाली, आत उदबत्ती. सगळ्या पांढुर्ण्यात त्या दिवशी काम करणारं एकही अवजार नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त आराम माझा संगणक करत होता.

दसऱ्याला संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. आपट्याचं पान हातात ठेवायचं, पाया पडायचं, पोहे खायचे आणि सल्ला द्यायचा. बातमी माझ्याआधी दारापर्यंत पोहोचली होती. एकीने संगणक तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं, तिचा मोबाइल त्याने बरा झाला होता. तो पाण्यात पडला होता आणि माझा संगणक कोरडा आहे, एवढा फरक मी दाखवला. "तरी पण ठेवून पाहा," ती म्हणाली. एकाने उन्हात ठेवायला सांगितलं. शेजारचे भैय्याजी वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, त्यांच्या मते जगात जे काही बिघडतं ते अर्थिंगमुळे. त्यांनी आमच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधला, त्यात एक बादली पाणी ओतलं आणि आता चालू करून पाहा म्हणाले. मी चालू करून दाखवला. नाही झाला.

"मंग अजून एक बादली लागते," भैय्याजी म्हणाले.

शुक्रवारी पेचकस सुटला. आधी संगणकातली डिस्क काढून गावातल्या दुकानात दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली. डिस्कला कुलूप होतं. पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली गेली. दुकानदाराने समजावलं की हे कुलूप आपला मूळ मदरबोर्ड ओळखतं. मदरबोर्ड जिवंत असेल तर किल्ली लागत नाही, मेला असेल तर किल्लीशिवाय गत्यंतर नाही. किल्ली माझ्याकडे नव्हती. असली किल्ली असते, हेच मला तेव्हा कळलं. म्हणजे मदरबोर्ड जिवंत करणं भाग होतं.

माहितीपुस्तकाच्या एक्काहत्तराव्या पानावर आशा होती. संगणकाच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं. पेनड्राइव्हमध्ये फर्मवेअरची फाइल ठेवायची, तो बटणाशेजारच्या खाचेत लावायचा आणि बटण तीन सेकंद दाबायचं. पेनड्राइव्ह लहान क्षमतेचा हवा. आजकाल तसा कुणाकडेच नसतो. तो भैय्याजींच्या जीपमध्ये होता, भजनांचा. भजनं पुसू नका, असं त्यांनी चारदा बजावलं. मी ती माझ्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली, पेनड्राइव्ह पुसला, फाइल भरली, बटण दाबलं. शेजारचा हिरवा दिवा लागला. तो पाच मिनिटं लुकलुकून विझला तर काम झालं, आणि न लुकलुकता तसाच राहिला तर झालं नाही. तो तसाच राहिला. मी आठ वेळा केलं. आठही वेळा तो माझ्याकडे डोळे न मिटता बघत राहिला.

भजनं मी परत भरून दिली. अर्थात नीट लावून, वर्णानुक्रमे. दुसऱ्या दिवशी भैय्याजी तक्रार घेऊन आले की आता आरती आधी वाजते आणि भूपाळी नंतर. देवाची आरती करायची आणि मग त्याला उठवायचं का, असं त्यांनी विचारलं. ते पुन्हा लावून देण्यात माझा शनिवारचा पाऊण तास गेला.

उरलेला शनिवार कंपनीने घेतला. मदरबोर्डची हमी अजून चार महिने होती. तक्रारीचा अर्ज संकेतस्थळावर भरायचा होता. त्यात मध्य प्रदेश राज्य निवडलं, जिल्ह्यांची यादी उघडली, तर पांढुर्णा नव्हता. आम्ही जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, पेढे वाटून झाले, पाट्या बदलल्या. यादीला कळवलं नव्हतं. जुना जिल्हा छिंदवाडा निवडला तर पुढे आधार कार्ड जोडायचं होतं, आणि दिलीप तहसील कार्यालयात असल्याने अख्ख्या गल्लीत सर्वांत आधी आमच्या कार्डांवर जिल्हा पांढुर्णा झाला होता. अर्ज परत. फोन केला. पलीकडच्या मुलीने हिंदीत, फार गोड आवाजात, सांगितलं की पत्ता जुळत नाही. तोवर आपण पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाचा फोटो पाठवा. मी म्हटलं, पडद्यावर काही दिसत नाही, हीच तक्रार आहे. ती म्हणाली, तक्रार नोंदवायला क्रमांक लागेल. मी विचारलं, बंद असल्याचा पुरावा म्हणून चालू असल्याचा फोटो हवा का? ती म्हणाली, "जी मॅडम." नोंद झाल्यापासून पंधरा कामाचे दिवस.

रात्री जेवताना दिलीप चांगल्या मनाने म्हणाला, "तू इतकी कायले त्रास करून घेऊन राहिली? अंदाजानं भरून दे ना. कोणाले कळते?"

तो बोलत राहिला. गेल्या वर्षीचेच आकडे थोडे खालीवर करायचे, पाऊस काय सही करून जातो का. भैय्याजींचंही असंच मत होतं. मुख्याध्यापकांचंही. सगळ्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की अकरा वर्षं मी गच्चीवर जात होते ती हवा खायला, असं मलाच वाटायला लागलं. सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. दसऱ्यापासून त्या माझ्याशी कमीच बोलत होत्या. माझ्या पानात मात्र पोळी न मागता पडत होती.

संगणक मी सौंसरच्या रोशनकडून घेतला होता. चाळिशीचा माणूस, बसस्टँडजवळ दुकान. रविवारी त्याला फोन केला. चिपवर थेट लिहायचं यंत्र आहे म्हणाला, पण सोमवारी अकराला नागपूरला निघतो, मग चार दिवस नाही. त्याआधी पोहोचायचं तर सकाळी पावणेआठची बस घ्यावी लागणार होती. म्हणजे साडेआठला मी बसमध्ये असणार, आणि अंदाजाने भरायला सांगणाऱ्या दिलीपला गच्चीवर पाठवायची आता माझी तयारी नव्हती.

यावर मी रविवारी बराच विचार केला. एक दिवस विरुद्ध चार हजार एकशे दहा. गणित सोपं होतं, आणि ते मी चारदा सोडवलं. 'सलग' हा शब्द त्या नोंदींची सगळी किंमत होता. मी घरात कुणाला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सगळ्यांनी शून्य टाकायला सांगितलं असतं. आणि रविवारी रात्री पाऊस पडला. चांगला, पत्र्यांवर वाजणारा. म्हणजे शून्यही खोटं झालं असतं.

संगणक सासूबाईंनी त्यांच्या नायलॉनच्या लुगड्यात बांधून ठेवला होता. नायलॉनवर स्थिर विद्युत तयार होते आणि ती चिप जाळू शकते, असं मी सांगितलं. त्यांनी लुगडं सोडलं आणि सुती गोधडी आणली. बसमध्ये ते गाठोडं मी मांडीवर घेतलं. शेजारची बाई सावरगावची होती. तिने बराच वेळ पाहून विचारलं, "लेकरू हाये?"

"नाही, कम्प्युटर आहे."

"बिमार हाये का?"

"हो."

"हवा लागू नको देऊ मंग," ती म्हणाली आणि गोधडीचं टोक नीट खोचून दिलं. साडेआठ वाजले तेव्हा बस कुठल्याशा फाट्यावर उभी होती, आणि कंडक्टर खाली उतरून संत्र्याच्या खोक्यांवरून कुणाशी तरी भांडत होता. रस्ता ओला होता. मी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बरोबर साडेआठला पाहिलं.

रोशनने काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, पूजेत होता. त्याला नवल वाटलं नाही. दसऱ्यानंतर दरवर्षी दोन-तीन येतात म्हणाला. चिपचे आठही पाय एकदम धरणारा त्याचा एक चिमटा होता. तो त्याने लावला, यंत्र चालू केलं, यंत्राने चिप सापडत नाही म्हणून सांगितलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी चष्मा पुसून चिमट्याकडे पाहिलं. त्याच्या दातांत पिवळं काहीतरी बसलं होतं.

"रोशनभाऊ, ही हळद आहे."

"आमच्याइथी पण पूजा झाली ना जी," तो ओशाळून म्हणाला.

दात पेट्रोलने धुतले. मग चिमट्याने चिप धरली, जुनं पुसलं गेलं, नवं लिहिलं गेलं. त्या वेळी मी स्वतः दुकानाच्या खटक्यापाशी पाठ लावून उभी होते. पडदा उजळला. रोशन म्हणाला, "वाचला." आणि लगेच निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली गेली. मदरबोर्ड शुद्धीवर आला होता, पण इतका बदलून की कुलपाला तो ओळखू येईना.

किल्ली ज्याच्या खात्यावर संगणक पहिल्यांदा चालू केला, त्याच्या खात्यात साठवलेली असते. कुणाच्या खात्यावर केला होता, असं मी विचारलं. रोशन दुकानाबाहेर बघायला लागला. गिऱ्हाइकं पासवर्ड विसरतात आणि मग त्याच्याकडेच येतात, म्हणून सात वर्षांत विकलेला प्रत्येक संगणक त्याने स्वतःच्याच खात्यावर चालू करून दिला होता. अख्ख्या तालुक्याच्या किल्ल्या एका माणसाकडे. दोनशे चौदा. नावं नाहीत.

"एकेक टाकून पाहू," तो म्हणाला आणि पहिली वाचायला लागला. दोनशे चौदा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे दहा हजार दोनशे बहात्तर आकडे, आणि दहा वाजून गेले होते. मी निळा पडदा वरपासून वाचला. लोक पडद्यावरचं फक्त मोठं अक्षर वाचतात. खाली बारीक अक्षरांत आठ खुणांचा एक ओळख क्रमांक होता. तोच क्रमांक त्याच्या यादीत एकशे एकतिसाव्या ओळीत होता. मला दीड मिनिट लागलं.

"हे तं आपण सात वर्षांत नाही पाहिलं जी," रोशन म्हणाला. पाच दिवसांत माझ्या बाजूने बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य होतं.

फाइल उघडली. सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. रोशनच्या दुकानातून दोन नवे पेनड्राइव्ह घेतले, दोन्हींवर प्रत घेतली आणि एक स्वतःला मेलही केली. एक ते पाच तारखेचे आकडे कागदावरून भरले. सहा तारखेची ओळ रिकामी ठेवली आणि परतीच्या बसमध्ये त्या रिकाम्या ओळीखेरीज मला काही दिसलं नाही. डॉ. अमितांना काय लिहायचं याची वाक्यं जुळवत होते. 'अपरिहार्य कारणाने' असं एक वाक्य जमलं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती.

घरी आले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. संगणक चालू झाला का ते विचारलं नाही. डब्यामागून एक कागद काढून हातात दिला. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर, चौथी शिकलेल्या अक्षरात: पाउस १२.६. जास्त २९.८. कमी २१.०.

मी विचारलं, किती वाजता घेतलं.

"साडेआठले. टीव्हीतल्या घडीवर पाहून गेली. दोन मिनिटं थांबा लागलं वरतं."

मला यावर विश्वास ठेवायचा होता, पण सवय जात नाही. नळीत पाण्याची कड काचेला धरून वर चढते आणि नवशिके ती कडच वाचतात. घरी शिकवणीला येणारे माझे बारावीचे विद्यार्थीही वाचतात, सांगून सांगून. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "कडीचं नाही घेतलं. मधात खोलगट असते ना, ते घेतलं. डोळा पाण्याच्या बराबरीत आणून. अकरा वर्षं झाले तू पोराईले हेच सांगून राहिली, स्वयंपाकघरात आयकू येते सारं."

आणि त्यांनी कपाटातून झाकण ठेवलेला स्टीलचा पेला काढला. पाणी फेकलं नव्हतं. तुला मोजून पाहायचं असेल म्हणून, असं म्हणाल्या. मी मोजलं. बारा पूर्णांक चार आलं. दोन दशांश पेल्याला चिकटले असणार. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी निकाल लावणार असल्यासारख्या. मी फाइल उघडली आणि त्यांच्यासमोर १२.६ भरलं. शेवटी निरीक्षकाचा रकाना असतो. त्यात आजवर चार हजार एकशे पंधरा वेळा माझं नाव होतं, दिलीप वर गेला होता तेव्हाही. सहा तारखेला अंबाबाई लिहिलं आणि पाठवून दिलं, मुदतीच्या चार दिवस आधी.

"नाव कायले टाकलं माह्यं," त्या म्हणाल्या आणि दिलीप घरी येताच मला ते त्याला दोनदा दाखवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी मी गच्चीवर गेले. सासूबाई माझ्याआधी वर होत्या. चष्मा लावून, नळी डोळ्यांसमोर धरून.

मी जवळ गेले.

"सरक जराशी," त्या म्हणाल्या. "उजेड अडवून राहिली तू."